गार्डनेरी किलीची पैदास : अंड्यापासून नर-मादी ओळखेपर्यंत

मी पहिल्यांदा गार्डनेरी किलीची 'जोडी' घरी आणली आणि दोन महिन्यांत माझी मादी निळी झाली. आधी पाठीवरच्या परावर लाल ठिपके दाटले, मग शेपटीला पिवळी कड आली. एके दिवशी सकाळी पाहतो तर दोन्ही मासे पर ताणून एकमेकांसमोर उभे. दोघंही नर. ज्यांनी मासे दिले त्यांनी फसवलं नव्हतं. पिल्लं जेमतेम दीड सेंटीमीटरची असताना जोडी लावली की असं होतंच. म्हणून या लेखात पैदाशीची सगळी पद्धत सांगतो, पण सर्वांत जास्त जागा नर-मादी ओळखण्याला देतो. अंडी मिळवणं या माशात अवघड नाही. चुका होतात त्या पुढे.

किलीफिश म्हटलं की पाहुणे विचारतात, "हा बाकीच्या माशांना मारतो का?" नावाचा मारण्याशी संबंध नाही. डच भाषेत 'किल' म्हणजे ओढा, पाण्याची लहान वाट. त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे सह्याद्रीच्या ओढ्यांत आणि गोव्याच्या पाणवठ्यांत ॲप्लोकायलस लिनिएटस हा किली राहतो. त्याचीच सोनेरी वाढवलेली जात दुकानांत 'गोल्डन वंडर' म्हणून मिळते. पण शिकण्यासाठी मी नायजेरिया आणि कॅमेरूनचा फंड्युलोपँचॅक्स गार्डनेरी सुचवतो. प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी १९११ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. वाढून तो सहा-साडेसहा सेंटीमीटरचा होतो, नीट सांभाळला तर दोन-तीन वर्षं जगतो, आणि त्याची अंडी पाण्यातही उबतात, ओलसर भुशातही. नवशिक्याला चूक सुधारायला एवढी सवड देणारा किली मला दुसरा माहीत नाही.

सुरुवात जोडीने करू नका

एकाच वयाची सहा ते आठ पिल्लं घ्या. त्यांतून तुमचे नर-मादी तुम्हीच निवडाल, आणि निवडताना डोळाही तयार होईल. मोठे मासे मिळत असतील तर एक नर आणि दोन माद्या घ्या. एकाच मादीमागे नर दिवसभर लागतो, तिचे पर फाटतात, ती कोपऱ्यात दबून बसते आणि अंडी देणं थांबवते.

विकत घेताना ठिकाणाचं नाव विचारा. गार्डनेरी अकुरे, माकुर्डी, न्सुक्का, जॉस पठार, मिसाजे अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले आहेत आणि पाळणारे ते ठिकाणानुसार वेगळे ठेवतात. दोन ठिकाणचे मासे एका टाकीत घालू नयेत. संकरातून झालेली पिल्लं दिसायला सुंदर असतील, पण मूळ ओळ (त्या ठिकाणचा शुद्ध वंश) तिथे संपते आणि ती परत मिळत नाही. या बाबतीत मी हट्टी आहे.

टाकी, पाणी आणि आपला उन्हाळा

तीन माशांना १५ ते २० लिटरची टाकी पुरते. तळ गडद, उजेड मंद, जावा मॉसचा एखादा गुच्छ आणि हळू चालणारा स्पंज फिल्टर. झाकण मात्र पक्कं हवं. हवेची नळी आत जाते तेवढ्या फटीतूनही किली उडी मारतो. ती फट स्पंजच्या तुकड्याने बुजवा.

मुंबई-पुण्याकडचं धरणाचं नळाचं पाणी बरंच मृदू असतं आणि गार्डनेरीला ते मानवतं. क्लोरिन काढण्यासाठी पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवा किंवा अँटिक्लोर वापरा. बोअरचं पाणी फार जड असेल तर त्यात स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणी मिसळा. पीएच साडेसहा ते साडेसात असला की पुरे, त्यामागे धावू नका.

खरा प्रश्न उष्णतेचा. गार्डनेरीला २२ ते २५ अंश हवेत. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे ठाण्यात टाकीतलं पाणी सहज तिशी ओलांडतं. मासे लगेच मरत नाहीत, पण अंडी कमी होतात, पांढरी पडण्याचं प्रमाण वाढतं आणि मोठ्या माशांचं आयुष्य घटतं. टाकी माळ्यावर न ठेवता जमिनीलगत ठेवा आणि झाकणाच्या जागी जाळी लावून पाण्यावर छोटा पंखा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फाची बाटली टाकू नका, तापमान एकदम खाली जाणंही वाईटच. मी स्वतः गणपतीनंतर पैदास सुरू करतो आणि होळीपर्यंत थांबवतो.

लोकरीचा मॉप

हा मासा ओढ्यात पाणवनस्पतींच्या मुळांत एकेक अंडं चिकटवतो. त्या मुळांची जागा आपल्याकडे लोकर घेते. अॅक्रिलिकची गडद हिरवी लोकर घ्या. सुती दोरा आणि खरी लोकर पाण्यात कुजते. पाठ्यपुस्तकाएवढ्या पुठ्ठ्यावर ५० वेढे द्या, एका टोकाला घट्ट बांधा, दुसरं टोक कापा. झाला मॉप. तो पाच-दहा मिनिटं उकळा, पाण्याला रंग सुटत असेल तर पाणी बदलून पुन्हा उकळा. बांधलेल्या टोकाला थर्मोकोलचा तुकडा किंवा बाटलीचं बूच लावलं की तो तरंगतो. एक मॉप तरंगता आणि एक तळाला ठेवून पाहा. काही माद्यांना खालचाच आवडतो.

मॉप टाकण्यापूर्वी आठवडाभर नर आणि माद्या वेगळ्या ठेवून भरपूर जिवंत खाद्य द्या. डॅफ्निया (पाणपिसू), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) चालतात, फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) चालतात. डासांच्या अळ्यांवर माद्या सर्वांत लवकर भरतात, पण त्या वाढवण्यासाठी गच्चीवर पाणी साठवून ठेवू नका. शेजारच्या घरात डेंग्यू पोहोचवण्याचा अधिकार आपल्याला नाही. कुठे मिळाल्याच, तर धुऊन लगेच खाऊ घाला, आणि मासे संपवतील तेवढ्याच टाका. गटारातलं ट्युबिफेक्स (बारीक लाल कृमी) मी वापरत नाही, त्यातून येणारे आजार पैदाशीच्या माशांना परवडत नाहीत.

अंडी वेचणं आणि उबवणं

दर दोन-तीन दिवसांनी मॉप बाहेर काढून हलक्या हाताने पिळा. घाबरू नका. किलीच्या अंड्याचं कवच आश्चर्य वाटावं इतकं टणक असतं. धागे बाजूला करत गेलात की साधारण दीड मिलिमीटरचे काचेच्या मण्यासारखे गोळे दिसतील. ते बोटाच्या चिमटीत धरता येतात. चिमटीत फुटलं ते अंडं मुळात फळलेलं नव्हतंच. फळलेलं अंडं पारदर्शक, किंचित मधाच्या रंगाचं राहतं; न फळलेलं एक-दोन दिवसांत दुधासारखं पांढरं होतं.

पाण्यात उबवायची असतील तर उथळ डब्यात दोन-तीन सेंटीमीटर पाणी घ्या आणि फिकट आकाशी दिसेल इतकंच मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) घाला. डबा अंधाऱ्या जागी ठेवा. रोज पांढरी अंडी ड्रॉपरने काढायची, कारण एका अंड्याची बुरशी शेजारच्या चारांवर चढते. दहा-बारा दिवसांनी आत दोन काळे डोळे दिसू लागतात. २४ अंशांच्या आसपास दोन ते तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. डोळे ठळक झाले की निळं पाणी काढून साधं पाणी घाला.

पाण्यात ठेवलेली अंडी मात्र एकाच दिवशी फुटत नाहीत. आज दोन, परवा तीन, आठवड्याने पुन्हा चार. मोठी पिल्लं लहानांना खातात हा एक तोटा. दुसरा तोटा दोन महिन्यांनी कळतो: नर-मादी ओळखताना आपण पिल्लांची एकमेकांशी तुलना करतो, आणि वयच वेगवेगळं असेल तर ती तुलना खोटी ठरते. लहान दिसणारा, रंग न आलेला मासा मादी आहे की फक्त दहा दिवसांनी धाकटा, हे कसं सांगणार?

म्हणून मला भुशाची पद्धत जास्त आवडते. रोपवाटिकेत मिळणारं खत न मिसळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. त्यात मीठ असतं, त्यामुळे तीन-चार पाण्यांनी धुऊन मग उकळा. थंड झाल्यावर मुठीत घट्ट पिळा. पाणी ठिबकता कामा नये, पण हाताला ओल लागली पाहिजे. झाकणाच्या छोट्या डबीत हा थर पसरा, त्यावर आठवडाभरात जमलेली चांगली अंडी ठेवा, झाकणावर तारीख लिहा. तीन आठवड्यांनी भिंगातून पाहा. डोळ्यांभोवती सोनेरी कडी चमकत असेल तर पिल्लू तयार आहे.

मग डबीतला सगळा ऐवज उथळ भांड्यात काढून त्यावर टाकीतल्यापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड, ताजं पाणी घाला. बरीचशी पिल्लं काही तासांत बाहेर येतात. काही अंडी अडून बसली तर त्या पाण्यात माशांच्या कोरड्या खाद्याची चिमूटभर पूड टाका. ती कुजू लागली की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि पिल्लू कवच फोडतं. जुने किली पाळणारे अंडी छोट्या बाटलीत घालून खिशात घेऊन फिरतात. हलण्याने आणि अंगाच्या उबेने हेच काम होतं. मी हे केलं आहे, आणि खिशातल्या बाटलीत पिल्लू वळवळताना पाहणं मला अजूनही विलक्षण वाटतं.

पोटावर सरपटणारी, वर न येणारी पिल्लं कधीकधी निघतात. अंडी फार लवकर किंवा फार उशिरा भिजवली की त्यांचं प्रमाण वाढतं. ती सहसा सुधारत नाहीत. त्यांना पैदाशीत घेऊ नका.

पहिले सहा आठवडे

गार्डनेरीचं पिल्लू पहिल्याच दिवशी आर्टेमियाची नवजात अळी गिळू शकतं. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ, चमच्याच्या टोकावर मावतील इतकी आर्टेमियाची अंडी, जोरात हवा आणि २६ ते २८ अंश तापमान असलं की २४ ते ३६ तासांत नारिंगी अळ्या तयार होतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, अळ्या खाली जमतात. त्या नळीने ओढून दाट कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि दिवसातून दोनदा द्या. पिल्लांचं पोट नारिंगी दिसलं पाहिजे. जोडीला मायक्रोवर्म (बारीक पांढरे कृमी) ठेवा, पण फक्त त्यांच्यावर वाढवू नका.

पिल्लं उथळ पाण्यात ठेवून दर दोन दिवसांनी थोडं पाणी वाढवत जा. उरलेलं खाद्य संपवायला एक-दोन रॅम्सहॉर्न गोगलगायी सोडा. अंगावर सोनेरी पूड शिंपडल्यासारखी दिसली तर तो व्हेल्वेट रोग आहे. लगेच अर्धं पाणी बदला, उजेड कमी करा आणि दहा लिटरला एक चहाचा चमचा मीठ घाला.

तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला आकारानुसार वेगळं करणं सुरू करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढची ओळख त्यावरच उभी राहते.

नर कोण, मादी कोण

पिल्लू दोन सेंटीमीटरच्या आत असेल तर ठरवूच नका. सहा ते दहा आठवड्यांच्या दरम्यान, अंगाची लांबी दोन-अडीच सेंटीमीटर झाली की खुणा वाचता येतात.

पाहण्याची रीतही महत्त्वाची. काचेची अरुंद डबी घ्या, मासा वळेल पण लांब जाणार नाही एवढी. मागे काळा कागद लावा. टॉर्च तुमच्या खांद्यामागून तिरपा धरा. मागून किंवा वरून उजेड आला की निळी झाक दिसत नाही. जाळीत पकडलेला मासा भीतीने रंग टाकतो, म्हणून डबीत सोडल्यावर वीसेक मिनिटं थांबा. नव्या टाकीत आलेल्या माशाबद्दल त्या दिवशी मत बनवूच नका.

पहिली खूण परांच्या आकाराची, आणि माझा सर्वांत जास्त भरवसा तिच्यावर आहे. पाठीवरचा पर आणि पोटाखालचा मागचा पर पाहा. नरात त्यांची मागची कोपरं लांबट, टोकदार होऊ लागतात. शेपटीकडे ओढल्यासारखी दिसतात. मादीत तीच कोपरं गोल राहतात आणि पर अंगाच्या मानाने आखूड वाटतो. हा फरक रंगाच्या आधी येतो आणि दांडग्या नरांच्या धाकाने रंग न दाखवणाऱ्या, दबलेल्या नरातही पुष्कळदा दिसतो.

दुसरी खूण कडेची. नराच्या मागच्या पराला आणि शेपटीच्या वर-खाली स्पष्ट किनार येते. आधी ती फिकट रेघ असते. किनारीचा रंग पाहून गोंधळू नका. गार्डनेरीत एकाच ठिकाणच्या माशांत पिवळ्या किनारीचे नर असतात, तसेच निळसर-पांढऱ्या किनारीचेही. किनार आहे की नाही एवढंच पाहायचं. मादीचे पर बहुतेक पारदर्शक, त्यावर तपकिरी शिंतोडे.

तिसरी खूण अंगाच्या झाकेची. नराच्या कल्ल्यांमागून निळी-हिरवी चमक सुरू होऊन शेपटीकडे पसरत जाते. मादी शेवाळी-तपकिरी राहते.

आता लोक कुठे चुकतात ते. लाल ठिपके दिसले की नर, असं बरेच जण धरून चालतात. गार्डनेरीच्या मादीलाही अंगावर तांबूस-तपकिरी ठिपके असतात. नराचे ठिपके दाट आणि गडद लाल, परांवरही चढलेले. मादीचे विरळ आणि मळकट. दुसरी चूक पोटाची. भरपेट आर्टेमिया खाल्लेला नरही गोल दिसतो. पोट पाहायचंच असेल तर सकाळी, खायला घालण्यापूर्वी पाहा, आणि तरीही शेवटचा पुरावा म्हणूनच.

सर्वांत मोठी चूक मात्र दबलेल्या नरांची. एका टाकीत वीस पिल्लं असली की दोन-तीन नर आधी रंगतात आणि बाकीच्यांना हुसकावतात. उरलेले नर रंग दाबून ठेवतात, अंगाने आणि वागण्यानेही मादीसारखे राहतात. मार वाचवायचा तो त्यांचा मार्ग. आपण रंगलेले तीन 'नर' आणि उरलेले सतरा 'माद्या' म्हणून मोजतो आणि लोकांना जोड्या देऊन टाकतो. माझी पहिली मादी अशीच आली असणार.

यावर उपाय सोपा आहे, फक्त वेळ लागतो. रंगलेले नर उचलून वेगळ्या टाकीत ठेवा. उरलेल्यांना दहा ते चौदा दिवस द्या. वरचा दाब गेला की त्यांतले आणखी काही निळे होतील. त्यांनाही उचला. पुन्हा दोन आठवडे. मी तीन फेऱ्या केल्याशिवाय कोणालाही मादी म्हणत नाही. तिसऱ्या फेरीनंतर टाकीत उरतात त्यांत आखूड गोल पर, पारदर्शक कडा आणि उपाशीपोटीही भरलेलं पोट अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसतात. एकमेकांसमोर पर ताणून थरथरणारे मासे दिसले तर चौथी फेरीही करा.

पैदाशीसाठी नर निवडताना सगळ्यांत आधी रंगलेलाच उचलू नका. तो दांडगा असतो एवढंच सिद्ध झालेलं असतं. दुसऱ्या फेरीतले सरळ पाठीचे, शांत नरही ओळीत ठेवा.

दुसऱ्या किलींचं वेगळं आहे

गोल्डन वंडरचं जंगली रूप पाळत असाल तर मादीच्या अंगावर ठळक उभे काळे पट्टे आणि पाठीवरच्या पराच्या मुळाशी काळा डाग असतो. पण लहान वयात नराच्या अंगावरही पट्टे असतात, त्यामुळे तीन-साडेतीन सेंटीमीटरपर्यंत थांबा आणि पोटाखालच्या मागच्या पराचं टोक पाहा. नरात ते टोकदार होतं. पूर्व भारतातल्या ॲप्लोकायलस पँचॅक्सला हा नियम लावू नका. तिथे तो काळा डाग नर-मादी दोघांनाही असतो.

झांझिबारचा नोथोब्रँकियस ग्युंथरी मात्र या बाबतीत सोपा. पावसाळी डबक्यातला मासा, डबकं आटण्याआधी त्याला सगळं उरकायचं असतं. याच कुळातला फुर्झेरी मोझांबिकच्या डबक्यांत अवघ्या १४ दिवसांत वयात येतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. ग्युंथरीच्या नराची शेपटी चौथ्या आठवड्याच्या सुमारास लाल होऊ लागते, मादी राखाडी राहते. दबलेले नर इथेही असतात, पण फार दिवस दबून राहत नाहीत. अंडी मात्र ओलसर पीटमध्ये साधारण तीन महिने ठेवावी लागतात.

वाटताना

एखाद्या खेपेत नरच नर निघतात, एखाद्यात माद्या. एका खेपेवरून पाणी किंवा तापमान बदलत बसू नका. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने वेचलेल्या तीन खेपा वाढवल्या की बहुधा दोन्ही पुरेसे मिळतात.

जास्तीचे मासे ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. डास खातील म्हणूनही नाही. त्या कामाला आपल्या ओढ्यांत आपलेच किली आहेत, आणि बाहेरून आणून सोडलेल्या गप्पी-गंबुसियांचा त्रास त्यांना आधीच पुरेसा झाला आहे.

पिशवीवर चिठ्ठी लावा: पूर्ण नाव, ठिकाण, अंडी भिजवल्याची तारीख, आणि नर-मादी किती फेऱ्यांनंतर ठरवले तो आकडा. मी एक नर आणि दोन माद्या देतो, शिवाय घेणाऱ्याला पंधरा दिवसांनी माद्यांच्या शेपटीचा फोटो पाठवायला सांगतो. संशयातली पिल्लं माझ्याकडेच राहतात. त्यांच्या टाकीवर खडूने पुढच्या महिन्याची तारीख लिहिलेली असते.